हिरवी तार

विजेच्या पॉइंटला तीन भोके असतात. वरचे मोठे भोक कशाला? ते अर्थिंगचे. तेथून हिरवी तार जमिनीत जाते. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला, तर ही तार तो जमिनीत नेते. फ्यूज उडतो. माणूस वाचतो.

कामचुकार कारागीर ही तार घालीतच नाही. तरी दिवा लागतो, पंखा फिरतो. म्हणून खोट कळत नाही. मग कोणी ओल्या हाताने कूलरला शिवतो, आणि घात होतो.

पत्र्याला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करा. परवाना असलेला वायरमन बोलवा. मेनजवळ ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळताच तो वीज तोडतो. अर्थिंग मोजून दाखवल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. विचारायला लाजू नका. पैसे तुमचे, जीवही तुमचाच.