आकडे आले, मनोबल राहिलं

गॅरी गायगॅक्सचं १९७९चं ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं साहस मी नातवंडांसाठी २०१४च्या पाचव्या आवृत्तीत बसवलं.

चिलखताचा हिशेब सोपा. जुन्या बेसिक नियमांत आकडा कमी, तितका बचाव पक्का; आता उलट. बिनचिलखती ९चे आज १० होतात, म्हणून १९मधून जुना आकडा वजा करायचा. तो केला. तरी गॉब्लिनांच्या गुहेत पोरांची अख्खी तुकडी गारद झाली. नात रडवेली होऊन म्हणाली, “आजोबा, त्यांचे इतके मेले, तरी ते पळाले का नाहीत?”

आयुष्य फौजेत काढलेला मी निरुत्तर! १९८१च्या बेसिक नियमांत शत्रूला मनोबलाचा आकडा असे. पहिला गडी पडला, मग निम्मे पडले, की दोन फासे टाकायचे; बेरीज त्या आकड्याहून जास्त आली तर शत्रू पळे. नव्या आवृत्तीत राक्षसांच्या तक्त्यात तो आकडाच नाही.

म्हणून जुनं साहस नव्यात आणताना आधी विचारा : हा नियम कशासाठी होता? मग आकडे बदला.

पुढच्या रविवारी मनोबलासह तीच गुहा. निम्मे पडताच गॉब्लिन पळाले. नात म्हणाली, “पाठलाग नको.”