खेळाडूचे गुरुजी झाले

आपल्या भंडारा जिल्ह्यात रोवणीचे दिवस आले की बांधीत बायामाणसांची रांग लागते. धुऱ्यावर एक जाणता माणूस उभा असतो. पाणी कोणत्या बांधीत सोडायचे, पऱ्हे आधी कुठे लावायचे, हे तो सांगतो. त्याचे चुकले तर साऱ्यांची मेहनत वाया जाते.

फुटबॉलच्या खेळातही असा एक माणूस असतो. त्याला प्रशिक्षक म्हणतात. एका बाजूला अकरा गडी, आणि खेळ दीड तासाचा. कोणी कुठे खेळायचे, दमलेल्याच्या जागी कोणाला धाडायचे, हे प्रशिक्षक ठरवतो. तो स्वतः मात्र चेंडूला पाय लावत नाही.

पुष्कळ प्रशिक्षक आधी खेळाडूच असतात. दक्षिण अमेरिकेत ब्राझील नावाचा देश आहे. तिथल्या मारिओ झागालो यांनी १९५८ आणि १९६२ साली खेळाडू म्हणून विश्वचषक जिंकला. १९७० साली त्यांनी तोच चषक प्रशिक्षक म्हणून जिंकला. आपल्या मुंबईतही असा एक माणूस घडला. त्यांचे नाव खालिद जमील. त्यांची गोष्ट आम्ही आज सांगतो.

जमील यांचा जन्म १९७७ साली कुवेत देशात झाला. आईबाप भारतीय. पुढे ते मुंबईत आले. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया या संघांतून ते खेळले. भारताच्या संघातही त्यांना जागा मिळाली. पण दुखापती पाठ सोडीनात. २००९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांना खेळ थांबवावा लागला.

आता काय करायचे? ज्याने सारे आयुष्य चेंडूमागे घालवले, त्याला हा प्रश्न साधा नव्हे. त्याच वर्षी मुंबई एफ.सी. या संघाने त्यांना प्रशिक्षक केले. संघ काही मोठा नव्हता. तरी २०१६ पर्यंत जमील यांनी तो वरच्या वर्गात टिकवून धरला.

मग ते मिझोरामच्या ऐझॉल संघाकडे गेले. मिझोराम केवढे, ते पहा. २०११ च्या जनगणनेत आपल्या एका भंडारा जिल्ह्यात बारा लाख माणसे होती. मिझोराम या सबंध राज्यात अकरा लाखही भरली नाहीत! ऐझॉलचा संघ आदल्या वर्षी खालच्या वर्गात घसरला होता. गोव्याचे संघ बाहेर पडले, म्हणून त्याला पुन्हा वर घेतले. अशा संघाकडून कोण आशा धरणार?

३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला शेवटचा सामना होता. बरोबरी झाली तरी पुरे, पण हरले तर कोलकात्याचा मोहन बागान पुढे जाणार, अशी वेळ. पहिला गोल विरुद्ध बाजूने केला. ऐझॉलचे गडी डगमगले नाहीत. त्यांनी एक गोल फेडला आणि सामना बरोबरीत सुटला. ऐझॉलचे गुण झाले ३७, मोहन बागानचे ३६. एका गुणाने हा लहानसा संघ आय-लीगचा विजेता झाला. ईशान्य भारतातल्या संघाला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

१ ऑगस्ट २०२५ रोजी जमील यांना भारताच्या संघाचे प्रशिक्षक नेमले. त्याआधी बरीच वर्षे ही जागा परदेशी माणसांकडे होती. सप्टेंबरात भारताने ओमानला हरवून मध्य आशियाच्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. पण ऑक्टोबरात सिंगापूरने गोव्यात भारताला २-१ ने हरवले, आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. गुरुजींच्या वाट्याला जय येतो, तसा पराजयही येतो. तो त्यांना सोसावाच लागतो.

आपल्या गावातही अशी माणसे आहेत. कोणी कबड्डीचा नामी गडी होता, कोणी दंडारीत नाचत असे. आज गुडघे धरले म्हणून ती ओट्यावर बसून असतात. गुडघे गेले, तरी अक्कल कुठे गेली? संध्याकाळी पोरांना त्यांच्यापाशी पाठवा. डाव कसा टाकायचा, पाय कुठे रोवायचा, हे त्यांना विचारू द्या. पोरे शिकतील, आणि ओट्यावरचा माणूसही पुन्हा उभा राहील.