संगणकाला ‘क’ कसा कळतो?

‘संगणक म्हणजे इंग्रजी. इंग्रजी नाही तर संगणक नाही, आणि संगणक नाही तर पोराचे पुढे काही खरे नाही.’ सेलवास, खानवेल, दुधनी किंवा सीमेपलीकडे तलासरी, जव्हार, मोखाडा, कोणत्याही गावची पालकसभा घ्या, हे वाक्य कोणी ना कोणी बोलतोच. बोलणारा बहुधा कारखान्यात पाळीवर जाणारा बाप असतो. त्याचा हेतू वाईट नसतो. मुलाने आपल्यासारखे राबू नये एवढेच त्याला वाटत असते. पण या समजुतीच्या जोरावर मराठी शाळेतून दाखले निघतात, वर्ग ओस पडतात आणि घरी वारली किंवा कोकणा बोलणारे मूल एकदम इंग्रजी शाळेच्या बाकावर जाऊन बसते. तेथे त्याला संगणकही कळत नाही आणि इंग्रजीही कळत नाही. म्हणून या समजुतीची एकदा नीट तपासणी व्हायला हवी. ती भावनेने नको, गणिताने व्हावी.

आपल्या प्रदेशाला दोन भाषांची सवय जुनी आहे. पेशवाईत, १७८३ साली, नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सेलवास मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे होती, तसे या मातीतले वारलीही होते. १९६१ साली हा प्रदेश भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. या साऱ्या काळात येथे मराठी शाळा गुजराती शाळेच्या शेजारीच चालत आल्या. एकाच आवारात एका फळ्यावर शिरोरेषा आणि शेजारच्या फळ्यावर बिनरेषेचे अक्षर, हे आपल्या मुलांना नवे नाही. संगणक शिकताना हीच गोष्ट त्यांच्या उपयोगी पडते. ते कसे, ते आता पाहू.

संगणकाला कोणतीच भाषा येत नाही. इंग्रजीही येत नाही. त्याच्या पोटात फक्त दोन अवस्था असतात : वीज आहे किंवा नाही, चालू किंवा बंद. त्यांना आपण १ आणि ० म्हणतो. असा एक १ किंवा ० म्हणजे एक बिट आणि आठ बिट मिळून एक बाईट. याखेरीज त्याच्याकडे दुसरे काही नाही. इंग्रजी ‘ए’ हे अक्षरसुद्धा त्याच्या लेखी ६५ हा आकडा आहे. पडद्यावर जे अक्षर दिसते ते आपल्यासाठी काढलेले चित्र. आत आकडाच असतो.

हे वर्गात शिकवायला संगणक लागत नाही. बारा मुले एका ओळीत उभी करा. उजवीकडच्या मुलाच्या हातात १ लिहिलेला पुठ्ठा द्या, त्याच्या शेजाऱ्याकडे २, मग ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४ आणि शेवटी २०४८. प्रत्येक पुठ्ठा आधीच्याच्या दुप्पट. आता नियम असा की, मूल उभे असेल तर त्याचा आकडा धरायचा, बसले असेल तर सोडायचा. ५ हवेत, तर ४ आणि १ ही मुले उभी राहतील. ६५ हवेत, तर ६४ आणि १. झाला इंग्रजी ‘ए’. या बारा मुलांकडून शून्यापासून ४०९५ पर्यंतचा कोणताही आकडा करून घेता येतो. पाचवीची मुले हा खेळ दोन तासिकांत आत्मसात करतात. दशमान पद्धतीत एकक, दशक, शतक असते, येथे एकक, दुप्पट, चौपट असते, इतकाच फरक.

आता मराठी ‘क’ घेऊ. सगळ्या जगाच्या लिपींना आकडे नेमून देणारी ‘युनिकोड’ नावाची एक संहिता १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा आहेत. ‘क’ची जागा २३२५. आपल्या ओळीत २०४८, २५६, १६, ४ आणि १ ही पाच मुले उभी करा. बेरीज २३२५. झाला ‘क’.

खरी गंमत पुढे आहे. गुजराती ‘क’चा आकडा २७०९. त्यासाठी २०४८, ५१२, १२८, १६, ४ आणि १ उभे राहतात. दोन्ही ओळी फळ्यावर एकाखाली एक लिहा. २५६ वाला खाली बसला, ५१२ आणि १२८ वाले उभे राहिले, बाकी कोणी हललेच नाही. आता ‘ळ’ घ्या. मराठीत २३५५, गुजरातीत २७३९. फरक पुन्हा ३८४. पुन्हा तीच तीन मुले उठबस करतात. देवनागरी आणि गुजराती या दोहोंत जी अक्षरे समान आहेत, त्यांतले कोणतेही घ्या, उजवीकडची सात मुले जागची हलत नाहीत. लिपी डावीकडच्यांनी सांगितली, अक्षर उजवीकडच्यांनी सांगितले.

हा योगायोग नव्हे. भारतीय लिपींसाठी आपल्याच देशात ‘इस्की’ नावाची संहिता तयार झाली होती आणि १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने तिला मानकाचा दर्जा दिला. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींची वर्णमाला मुळात एकच आहे, क-ख-ग-घ-ङ हा क्रम सगळीकडे तोच आहे, हे ध्यानात घेऊन ती रचली गेली. युनिकोडने तोच साचा उचलला. आपल्या व्याकरणकारांनी उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली वर्णमाला यंत्राच्याही सोयीची निघाली. सीमाभागातल्या ज्या मुलाला दोन्ही लिपी वाचता येतात, त्याला ही रचना पुण्या-मुंबईच्या मुलाआधी कळेल, अशी माझी खात्री आहे.

कळफलकाचेही तेच. ‘इन्स्क्रिप्ट’ या सरकारमान्य मांडणीत डाव्या हाताला स्वर व काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’. तीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’. ‘ग’च्या कळीवर ‘घ’, ‘द’च्या कळीवर ‘ध’. मांडणी गुजरातीची निवडली की त्याच कळीवर गुजराती ‘क’ उमटतो. एका लिपीत बोटे बसली की दुसरी फुकट मिळते. असे असूनही मुलांना इंग्रजी अक्षरांतून मराठी टंकायला शिकवतात, कारण शिकवणाऱ्याला तेच येते. हा द्राविडी प्राणायाम आहे आणि त्याचे नुकसान पुढे सांगतो.

त्याआधी ‘फॉन्ट’विषयी थोडे, कारण जुन्या शिक्षकांना त्याने फार छळले आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडची छपाई वेगळ्याच युक्तीवर चाले. संगणकाला वाटे इंग्रजी अक्षर आहे, फक्त त्या अक्षराचे चित्र मराठी काढलेले असे. मुखवटा मराठी, आतला आकडा इंग्रजीचा. प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. त्यामुळे एका यंत्रावर केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या यंत्रावर उघडली की अगम्य चिन्हांचा खच पडे. त्या काळच्या कित्येक फायली आजही उघडतात, पण वाचता येत नाहीत. विंडोज २००० पासून देवनागरीची युनिकोड सोय सर्वसामान्य यंत्रात आली आणि हा प्रकार हळूहळू मागे पडला. मुलांना यातून एकच गोष्ट शिकवायची : अक्षर निराळे, अक्षराचे चित्र निराळे. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि आपला पाकळ्यांचा ‘ल’ यांचा आकडा एकच असतो. ‘श’चेही तसेच. चित्र बदलायचे असेल तर फॉन्ट बदला, मजकुराला हात लावू नका.

मराठीच्या खास गरजांनाही जागा मिळालेली आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक दाखवणाऱ्या ‘ऱ’ला स्वतंत्र आकडा आहे, २३५३. ‘ॲल्युमिनियम’मधल्या ‘ॲ’ला मात्र स्वतःची जागा २००८ साली मिळाली.

मराठी अक्षर महाग पडते, हेही मुलांना सांगावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही. मोबाईलच्या साध्या एका संदेशात १४० बाईट मावतात, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षर तेथे ७ बिटांत बसते, म्हणून १६० अक्षरे. देवनागरीला १६ बिट लागतात, म्हणून ७०. भागाकार मुलांकडूनच करून घ्यावा. ‘मराठीत मेसेज लिहिला की लवकर भरतो’ ही घरोघरची तक्रार सातवीचा विद्यार्थी असा सोडवू शकतो.

आता नुकसानीकडे येतो. संगणक अर्थ पाहत नाही, आकडे जुळतात की नाही एवढेच पाहतो. ‘सेलवास’, ‘सिल्वासा’ आणि ‘सिलवासा’ हे तुम्हा-आम्हाला एकच गाव. आकड्यांच्या लेखी मात्र तीन निराळे शब्द. यंत्राला ते एकच आहेत हे कोणीतरी सांगावे लागते. माणसांच्या नावांचे तर विचारूच नका. इंग्रजीत डी-एच-ओ-डी-आय असे लिहिलेले आडनाव परत देवनागरीत आणताना धोडी, ढोडी, धोदी, ढोदी यांपैकी काहीही होऊ शकते. के-ए-एल-ई म्हणजे काळे, काले, कळे की कले? इंग्रजी लिपीत त/ट, द/ड, न/ण, ल/ळ या जोड्या एकाच अक्षरात कोंबल्या जातात आणि एकदा कोंबल्या की सुट्या होत नाहीत. माहिती हरवते ती तेथे. संगणकशास्त्रातला हा फार मोलाचा धडा आहे : बारीक चाळणीतून गेलेले जाड चाळणीत टाकता येते, उलटे करता येत नाही.

सीमाभागात याचा चटका जास्त बसतो. बापाचा दाखला मराठीत, मुलाचा गुजरातीत, शिधापत्रिका तिसऱ्याच लेखनात आणि ऑनलाईन अर्ज इंग्रजीत. आमच्या समितीकडे शिष्यवृत्तीच्या आणि जातीच्या दाखल्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांत नावातल्या एका अक्षरासाठी अडलेली प्रकरणे नेहमीची आहेत. कार्यालयातला माणूस म्हणतो, ‘सिस्टीम घेत नाही.’ सिस्टीम घेत नाही म्हणजे काय, हे ज्या मुलाला कळते, ते मूल बापाला सांगू शकते की दोन कागदांवरचे नाव आकड्याला आकडा जुळत नाही, कोणता कागद दुरुस्त करायचा ते आधी ठरवा. अनेक घरांत अर्ज भरणारा पहिला माणूस आठवी-नववीचा विद्यार्थीच आहे. ही जबाबदारी त्याच्यावर आलीच आहे, तर समजही त्याला त्याच्या भाषेत दिली पाहिजे.

बाकीच्या मूलभूत गोष्टींना फार वेळ लागत नाही. चालू कामाची स्मृती म्हणजे पाटी, साठवणीची स्मृती म्हणजे वही. वीज गेली की पाटी पुसली जाते, म्हणून लिहिलेले वेळोवेळी वहीत उतरवायचे. आज्ञावली म्हणजे क्रमाने लावलेल्या सूचना. त्या क्रमात ‘आधी चूल पेटव, मग आधण ठेव’ यांतली एकही पायरी गाळून चालत नाही, कारण यंत्र स्वतःच्या अकलेने काही भरत नाही. पासवर्ड आणि ओटीपी यांवर मात्र एक पूर्ण तास द्यावा. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालासुद्धा ती सांगायची नाही. हे वाक्य मुलाने घरी जाऊन आजीला वारलीत समजावून सांगितले पाहिजे. तो गृहपाठ द्यावा.

शब्दांबद्दल माझे मत विचाराल तर सोवळे नको. ‘संगणक’, ‘कळफलक’, ‘आज्ञावली’ हे शब्द अर्थ घेऊनच येतात, ते वापरावेत. माऊस, फाईल, मोबाईल यांना पर्याय शोधत बसू नये. टेबल आणि स्टेशन आपण पचवलेच की. पण ‘फाईल सेव्ह करा’ इतके सांगून शिक्षक थांबला, तर तो काही शिकवत नाही. सेव्ह केले म्हणजे आत काय झाले, हे मराठीत सांगता आले पाहिजे.

एक गोष्ट मात्र शिक्षकांनीही सांभाळावी. मूल वारली किंवा कोकणातला शब्द देवनागरीत टंकते आणि त्याखाली लाल रेघ येते. लगेच मूल तो शब्द पुसते. लाल रेघ म्हणजे शब्द चुकला असे नव्हे. संगणकाजवळ शब्दांची एक यादी असते, तीत हा शब्द नाही, एवढाच तिचा अर्थ. तेथेच ‘यादीत घाला’ अशी सोय बहुधा असते. पुसण्याऐवजी ती कळ दाबायला शिकवावे.

यंदा आमच्या समितीने शाळांना एक काम सुचवले आहे. प्रत्येक वर्गाने आपल्या पाड्यांची आणि गावांची नावे गावात विचारून, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून ऐकून, युनिकोडमध्ये टंकून आणायची. किलवणी की किलवनी, दुधनी की दुधणी, मांदोनी की मांडोनी, याचा निकाल इंग्रजी पाटीवरून लावायचा नाही. शेजारी गुजराती नाव गुजराती वर्गाने टंकायचे. दोन्ही वर्गांनी मग दोन नावांतली एक-दोन अक्षरे घेऊन ती बारा मुलांची ओळ एकत्र उभी करायची. पुठ्ठे शाळेत असतातच. नावांच्या याद्या दिवाळीच्या सुटीपूर्वी समितीकडे पोचवाव्यात.