भाजीतलं विष पट्टी कशी ओळखते?

पंपात भरून पिकावर मारतो त्याला आपण 'औषध' म्हणतो, पण असतं ते विष. तोडलेल्या वांग्यावर ते डोळ्यांना दिसत नाही. ते ओळखण्यासाठी शास्त्रज्ञांनी एक पट्टी तयार केली आहे. तिला विद्युत-रासायनिक सेन्सर म्हणतात.

साखर तपासायचं मशीन तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या पट्टीवर एन्झाइम असतं. रक्ताचा थेंब पडला की साखरेशी त्याची क्रिया होते आणि अगदी बारीक वीजप्रवाह वाहतो. साखर जास्त, तर प्रवाह जास्त.

कीटकनाशकाच्या पट्टीत याच्या उलट होतं. तिच्यावर कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम असतं. त्याला लागणारं रसायन दिलं की प्रवाह सुरू होतो. मग भाजीचा अर्क लावतात. अर्कात क्लोरपायरीफॉस किंवा प्रोफेनोफॉससारखं विष असेल, तर ते एन्झाइमला जखडून टाकतं आणि प्रवाह घटतो. जितकी घट जास्त, तितकं विष जास्त.

हेच एन्झाइम आपल्या शरीरातही असतं. नसांनी स्नायूंना दिलेला निरोप पोचला की तो थांबवणं हे त्याचं काम. ते जखडलं गेलं की घाम, लाळ, उलट्या सुरू होतात, श्वास कोंडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेकजण दगावले, तेव्हा हा धोका साऱ्या राज्याने पाहिला.

पण पट्टीला सगळीच विषं कळत नाहीत. सायपरमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड वेगळ्या रीतीने काम करतात, ती तिला सापडत नाहीत. विषाचं नेमकं नाव प्रयोगशाळेतच कळतं. शिवाय साखरेच्या पट्टीसारखी ही अजून मेडिकलमध्ये मिळत नाही.

म्हणून आपल्या हातात आहे ते आजपासून करू या. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, ते डब्यासोबतच्या माहितीपत्रकात असतं. औषधाचं नाव आणि तारीख गटाच्या वहीत लिहा. तोडणीच्या मजुरीला जाताना शेतमालकाला विचारा, "फवारणी कधी झाली?" भाजी धुवाच, पण आंतरप्रवाही औषध झाडात शोषलं जातं, ते धुऊन जात नाही. फवारणीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा. कुणाला त्रास झालाच, तर औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. डॉक्टरांना विषाचं नाव कळलं की योग्य उपचार ठरवायला मदत होते.