बालवीरांचे पथक आणि वडीलधारी माणसे

गळ्यात रुमाल बांधलेली, तीन बोटांनी प्रणाम करणारी आणि डाव्या हाताने हस्तांदोलन करणारी मुले दिसली म्हणजे हे बालवीर आहेत असे कोणास सांगावे लागत नाही. त्यांचे संचलन लोकांनी पाहिलेले असते. जत्रेच्या गर्दीत वाट चुकलेल्या एखाद्या आजीबाईंना त्यांनी घरच्या माणसांपर्यंत पोचवल्याचेही पाहिलेले असते. पण या मुलांच्या पाठीशी जी वडीलधारी माणसे उभी असतात, कसलीही वेतनाची अपेक्षा न ठेवता आपल्या सुटीचे दिवस पथकासाठी खर्च करतात, ती माणसे एकत्र जमली म्हणजे कशाविषयी वाद घालतात, याची कल्पना फार थोड्यांना असते. हे वाद जुने आहेत आणि ते मिटलेले नाहीत. मुलांचे पथक कसे चालवावे, किंबहुना ते कोणी चालवावे, हा त्या सर्व वादांचा गाभा आहे. रायपूरसारख्या शहराच्या अनुषंगाने त्यांचा विचार केल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल.

प्रथम चळवळीचा उगम पाहू. १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी नावाच्या बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांची एक छावणी भरवली. त्यांत काही मोठ्या घरची, नामांकित शाळांतील मुले होती आणि काही कामकरी वस्तीतील होती. सेनापतीच्या हाताखाली ती सर्व एका रांगेत उभी करण्याऐवजी बेडन-पॉवेल यांनी त्यांचे चार लहान गट केले आणि प्रत्येक गटाचे नायकत्व त्यांतीलच एका मुलाकडे दिले. पुढील वर्षी, म्हणजे १९०८ साली, त्यांचे पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध झाले. मुलांनी ते आपल्या खाऊच्या पैशांतून विकत घेतले, आपापले गट बनवले आणि मग आपल्याला मार्गदर्शन करील अशा एखाद्या प्रौढ माणसाचा शोध सुरू केला. आधी मुले आली आणि त्यांच्यामागून वडीलधारी माणसे आली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९०९ साली लंडनला भरलेल्या मेळाव्यात मुलीही आपण होऊन हजर झाल्या, आणि त्यातूनच पुढे गाईड म्हणजे वीरबालांची चळवळ उभी राहिली.

हिंदुस्थानात मात्र हा क्रम उलटा झाला. १९०९ साली बंगलोर येथे पहिले पथक निघाले, ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना त्यात प्रवेश नव्हता. १९११ साली मध्यप्रांतातील जबलपूर येथे वीरबालांचे देशातील पहिले पथक सुरू झाले. हिंदी मुलांसाठी दार उघडायचे की नाही, हा येथील वडीलधाऱ्यांचा पहिला मोठा वाद ठरला. सरकारने दार बंद ठेवले, तेव्हा लोकांनी आपले स्वतंत्र घर बांधले. १९१६ साली मद्रासला ॲनी बेझंट यांनी अरुंडेल यांच्या साहाय्याने हिंदी मुलांची संस्था काढली. १९१८ साली अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची बालवीर संस्था स्थापन केली.

१९२१ साली बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले, तेव्हा या सर्व संस्थांनी एकत्र यावे असा प्रयत्न झाला. बेझंटबाईंची संस्था मूळ संस्थेत सामील झाली. सेवा समिती मात्र बाहेर राहिली. कारण प्रतिज्ञेतील एका शब्दाचे होते. बालवीराने ईश्वर, राजा आणि देश यांच्याविषयीचे कर्तव्य पाळण्याचे वचन द्यावयाचे असे. ज्या देशात राजा परका, तेथे मुलाच्या तोंडून असे वचन घ्यावे काय, हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. दहा-बारा वर्षांचा मुलगा ज्या शब्दाला बांधला जातो तो शब्द त्याच्या वडिलांना आणि गुरुजींना मनापासून पटलेला असला पाहिजे, एवढाच सेवा समितीचा आग्रह होता. पुढे १९३७ साली बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी काढलेल्या उद्गारांनी असंतोष आणखी वाढला, आणि १९३८ साली अनेकजण मूळ संस्था सोडून सेवा समितीसह हिंदुस्थान स्काऊट असोसिएशनमध्ये एकत्र आले. या संस्थेने मुलगे आणि मुली या दोघांनाही एकाच छत्राखाली घेतले, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

रायपूर त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या शहराचा मराठी माणसाशी संबंध आहे; १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे आणि सहकारी चळवळीचे धुरीण वामनराव लाखे यांची ही कर्मभूमी. प्रांताचा कारभार नागपुराहून चाले आणि बालवीर कार्याची सूत्रेही तेथूनच हलत. नागपूरचे विख्यात कायदेपंडित व्हिव्हियन बोस हे अनेक वर्षे प्रांतिक बालवीर संघटनेचे काम सांभाळीत होते. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि १९५१ ते १९५६ या काळात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

स्वातंत्र्यानंतर देशात दोन प्रमुख संस्था आणि त्यांची दोन निशाणे असणे कोणासच बरे वाटेना. पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांच्या आग्रहाने, व मध्यप्रदेशाचे तत्कालीन राज्यपाल मंगळदास पकवासा, कुंझरू, न्यायमूर्ती बोस व बाजपेयी यांच्या खटपटीने, ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही एकच संस्था अस्तित्वात आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी वीरबालांची संस्थाही तीत सामील झाली. प्रतिज्ञेतील राजा गेला. ईश्वर आणि देश राहिले. ज्याला ईश्वर हा शब्द उच्चारावयाचा नसेल, त्याने त्याऐवजी धर्म म्हणावे अशी मोकळीकही ठेवण्यात आली. मुलगे व मुली एका संस्थेत नांदतील की नाही, या शंकेचेही यथावकाश निरसन झाले. १९६४ पासून पुढे दीर्घकाळ या संयुक्त संस्थेचे राष्ट्रीय आयुक्तपद लक्ष्मी मजुमदार या महिलेनेच भूषविले.

हे वाद वडीलधाऱ्यांनी घातले आणि त्यांनीच मिटविले, हे योग्यच झाले. प्रतिज्ञा कोणती असावी, संस्था एक असावी की अनेक, पैशाचा हिशेब कोणी पाहावा, ही प्रौढांचीच जबाबदारी आहे. पण पथकात अशाही कित्येक गोष्टी असतात की ज्यांचा निर्णय मुलांनीच करावा असे चळवळीचे शास्त्र सांगते. त्या कोणत्या, हे पाहण्यासाठी पथकाची अंतर्रचना थोडी समजून घेतली पाहिजे.

साधारणतः सहा ते आठ मुलांचा एक संघ होतो. रायपूरकडे हिंदीत त्याला टोली म्हणतात. बत्तीसपर्यंत मुलांचे मिळून एक पथक बनते. बत्तीस हा आकडा बेडन-पॉवेल यांच्या अनुभवातून आला. सोळाहून अधिक मुलांकडे आपण व्यक्तिशः लक्ष पुरवू शकत नाही, पण इतर लोक आपल्याहून दुप्पट कर्तबगार असतील असे धरून बत्तीस, असे ते म्हणत. प्रत्येक संघाचा एक संघनायक असतो. हे नायक ज्या बैठकीत एकत्र बसतात तिला मानसभा म्हणतात. शिबिर कोठे न्यावे, पथकाचा पैसा कशावर खर्चावा, कोणी चूक केली तर काय करावे, हे सारे मानसभेत ठरते. स्काऊटमास्तर तेथे सल्लागार म्हणून बसतो. निर्णय नायकांचा असतो.

कागदावर हे फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात काय होते? समजा, रायपूरच्या एका पथकाने खारून नदीच्या काठी एका रात्रीचे शिबिर योजले. भांड्यांवाचून स्वयंपाक ही बालवीरांची एक जुनी कसोटी आहे. एका संघात शहरातील सात मुले आहेत आणि आठवा आसपासच्या खेड्यातून शिकावयास आलेला आहे. त्याने आपल्या आईला अंगाकर करताना रोज पाहिले आहे: तांदळाच्या पिठात शिजलेला भात मळायचा, जाड भाकर थापायची, पानांत गुंडाळायची आणि निखाऱ्यांवर भाजायची. वर्गात हा मुलगा मागच्या बाकावर बसतो. येथे मात्र सात जण त्याच्याभोवती बसून त्याच्या हाताकडे पाहतात. पहिली भाकर करपते, दुसरी कच्ची राहते, तिसरी साधते. पहिली करपत असतानाच स्काऊटमास्तरांनी पुढे होऊन हात घातला असता, तर जेवण वेळेवर झाले असते. पण खेड्यातल्या त्या मुलाला आपल्याजवळ इतरांना देण्यासारखे काही आहे हे त्या दिवशी उमगले नसते, आणि शहरातल्या सात जणांनाही ते कळले नसते. तेव्हा दोन भाकरी करपू देण्याइतका धीर प्रौढ माणसापाशी असावा की नाही, असा हा प्रश्न आहे.

या धीराच्या आड अनेक गोष्टी येतात. पहिली म्हणजे शाळा. आपल्याकडील बहुसंख्य पथके शाळांशी जोडलेली आहेत. स्काऊटमास्तर हा बहुधा त्याच शाळेतील शिक्षक असतो. याचा लाभ उघड आहे. शाळेमुळे गरिबाच्या मुलालाही चळवळीत प्रवेश मिळतो, जागा मिळते, मैदान मिळते. परंतु ज्या गुरुजींनी सकाळी गणित चुकले म्हणून दटावले, त्यांच्याच समोर संध्याकाळी मानसभेत आपले मत निर्भयपणे मांडणे मुलाला अवघड जाते. म्हणून वस्तीतील मुलांची खुली पथके असावीत असे काहींचे म्हणणे आहे, तर नियमित जागा आणि माणूस नसल्यामुळे अशी पथके लवकर विस्कटतात असे दुसऱ्यांचे उत्तर आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा पायऱ्या चढत मुलगा राज्य पुरस्कारापर्यंत आणि नंतर राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पोचतो. रायपूर हे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या एका विभागाचे ठाणे आहे. नागपूर व बिलासपूर हे तिचे दुसरे दोन विभाग. भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या रचनेत रेल्वेच्या परिमंडळांना स्वतंत्र राज्यांसारखे स्थान आहे, आणि रेल्वेच्या नोकरभरतीत राष्ट्रपती पुरस्कार मिळविलेल्या बालवीरांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात. सामान्य घरातील मुलाला ही संधी मोठी आहे, हे कोण नाकारील? तरीही जुन्या स्वयंसेवकांना एक शंका सतावते. प्रमाणपत्रासाठी केलेली सेवा ही सेवा राहते काय? आणि प्रमाणपत्राची घाई झाली म्हणजे मुलाची नोंदवही वडीलधारी माणसेच भरू लागत नाहीत काय? यावर तरुण स्वयंसेवकांचे उत्तरही विचारात घेण्यासारखे आहे. पोटाची चिंता नसलेल्यानेच निरपेक्ष सेवा करावी असे म्हटले, तर ही चळवळ सुखवस्तू घरांचीच होऊन बसेल. तेव्हा पुरस्कार असावा. फक्त नोंदवहीतील प्रत्येक ओळ मुलाने स्वतः केलेल्या कामाची असावी, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. हल्लीचे आईबाप मुलाला शिबिरास पाठविताना अधिक प्रश्न विचारतात, आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजेत. नदीकाठी पोहता येणारा प्रौढ माणूस आहे काय, मुलींबरोबर महिला गाईडर आहेत काय, रात्री देखरेख कोणाची, कोणताही प्रौढ एखाद्या मुलाबरोबर एकांतात राहणार नाही याची व्यवस्था काय? २०१२ साली बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा झाल्यानंतर या प्रश्नांना कायद्याचेही बळ मिळाले आहे. येथे मुलांच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली ढिलाई करणे अक्षम्य ठरेल. पण काळजी घेणे वेगळे आणि काम हातातून काढून घेणे वेगळे. काठावर जागरूकपणे उभे राहणारा माणूस भाकरीला हात न लावताही आपले कर्तव्य पार पाडू शकतो.

ही कला आपोआप येत नाही. त्यासाठीच प्रौढांचे शिक्षणवर्ग असतात. पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात ते भरतात. तेथे शिक्षक, कारकून, रेल्वेतील कर्मचारी, गृहिणी यांना स्वतः संघ करून राहावे लागते, आपल्यापैकीच एकाचे नायकत्व मानावे लागते आणि आपली चूल आपणच पेटवावी लागते. ज्याने स्वतः एकदा कच्ची भाकर खाल्ली आहे, तो मुलाच्या करपलेल्या भाकरीला हसत नाही.

रायपूरकरांना बालवीर कार्याविषयीची परिपत्रके १९५६ पर्यंत नागपुराहून येत; त्यानंतर ती भोपाळहून येऊ लागली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि प्रांतिक कचेरी त्यांच्या स्वतःच्या शहरातच आली. निर्णय करणारे मेज असे जवळ जवळ येत गेले, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि कचेरी जवळ आल्याने निर्णय मुलांजवळ आला असे होत नाही. त्यासाठी शेवटचे पाऊल स्काऊटमास्तरालाच उचलावे लागते. पथक नीट चालले आहे की नाही हे पाहावयाचे असेल, तर पदके मोजण्याची अथवा संचलन पाहण्याची गरज नाही. पुढच्या रविवारी पथक कोठे जाणार आहे आणि हे कोणी ठरविले, एवढेच एखाद्या लहानशा बालवीराला विचारावे. 'आम्ही ठरविले' असे उत्तर आले, तर तेथील वडीलधाऱ्यांनी आपले काम चोख केले आहे असे खुशाल समजावे.