बिडाच्या जाळीची निगा

डिसेंबरची थंडी पडली की हैदराबादेतल्या गच्च्यांवर कोळशाच्या शेगड्या पेटू लागतात. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. त्यामुळे इथल्या कित्येक मराठी घरांत भरताचे वांगे आणि सीख कबाब एकाच निखाऱ्यावर गुण्यागोविंदाने भाजले जातात. या मेजवानीत ज्या वस्तूकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ती म्हणजे शेगडीवरची बिडाची जाळी.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात सुमारे २ ते ४ टक्के कार्बन असल्याने ते कठीण, पण ठिसूळ असते. त्याच्या जाड पट्ट्या उष्णता साठवून ठेवतात, म्हणून पदार्थ ठेवताच त्या निवत नाहीत. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतू नये, हा आजीचा दंडक. तो विसरून मी एकदा धगधगत्या जाळीवर तांब्याभर पाणी ओतले आणि क्षणात पट्टीला तडा गेला. ठिसूळपणा म्हणजे काय, हे त्या दिवशी पुस्तकाविना समजले.

नवी जाळी धुऊन, निखाऱ्यावर पूर्ण कोरडी करावी. मग तेलाचा बोट फिरवून पातळ थर द्यावा, जास्तीचे तेल पुसून टाकावे आणि धूर थांबेपर्यंत ती तापवावी. असे दोन-तीनदा केले की तेलाचे रेणू परस्परांत गुंफले जाऊन काळा, गुळगुळीत थर तयार होतो. हाच जाळीचा गंजरोधक अंगरखा. दही-लिंबाचे मुरवण लावलेले पदार्थ तिच्यावर फार वेळ पडून राहिले तर आम्लाने हा थर विरतो. राखही ओलावा धरून ठेवते, म्हणून प्रत्येक वापरानंतर ती झाडून टाकावी. पावसाळ्यात जाळी तेलाचा हात देऊन कोरड्या जागी ठेवावी. गंज चढलाच, तर तो घासून काढून वरील कृती पुन्हा करावी.

घासण्यासाठी मात्र तारेचा ब्रश वापरू नये. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरात मार्च २०११ ते जून २०१२ या काळात अशा ब्रशाची तुटलेली तार अन्नातून गिळलेल्या सहा रुग्णांची नोंद झाली. कुणाच्या मानेतील मऊ ऊतींत तार रुतली, तर कुणाच्या आतड्याला छिद्र पडून तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. जाळी कोमट असतानाच काथ्याने किंवा चिमट्यात धरलेल्या अर्ध्या कांद्याने घासली तरी ती स्वच्छ होते. भाजलेले खाल्ल्यानंतर गिळताना टोचते किंवा पोटात अकस्मात दुखते असे सांगणाऱ्या रुग्णाला आपण वैद्यकांनी हा प्रश्न अवश्य विचारावा.

आणखी एक गोष्ट. मेजवानी संपली म्हणून उबेसाठी शेगडी खोलीत आणू नये. विझत्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनशी त्याचे सख्य प्राणवायूहून दोनशे पटींहून अधिक असते. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही अशा रुग्णात फसवा, चांगला आकडा दाखवू शकतो.

शेगडी उघड्यावर, जाळी कोरडी आणि काथ्या हाताशी असू द्यावा. मग निखाऱ्यावरची चव निर्धास्तपणे चाखावी.