जोडींतला एक बैल गेल्यावर

घरांतील माणूस गेलें तर शेजारीपाजारी दहा दिवस येऊन बसतात. दावणीचा बैल गेला तर मात्र "दुसरा घ्या" एवढें सांगून जो तो आपल्या वाटेनें जातो. सन २०२२ सालीं लम्पी त्वचारोगानें ज्या घरांवर हा प्रसंग आणिला, त्यांच्या दुःखाचा विचार या मासिकांत व्हावा असें आम्हांस वाटतें.

आजच्या झांबिया देशांत १९२९ सालीं प्रथम दिसलेला हा रोग भारतांत २०१९ मध्यें ओडिशांत आढळला. २०२२ च्या ऑगस्टांत तो जळगांव जिल्ह्यांत आला, आणि आमचा सोयगांव तालुका तर त्या जिल्ह्याच्या शिवेला लागून आहे. गोचीड, माशा व डांस हे त्याचे वाहक. गुरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस टोचण्यांत आली. तरी कांहीं जनावरें दगावलींच.

आमच्या आळींतील एका कुटुंबाचा बैल त्या वर्षींचा पोळा होऊन महिना लोटण्याच्या आंत गेला. अंगावर गांठी उठल्या, पाय सुजले, चारा सुटला. घरची म्हातारी रात्रीं कडुलिंबाच्या पाण्यानें त्याचें अंग पुशीत बसे. गेला त्या दिवशीं विहिरीपासून दूर, आठ फूट खोल खड्ड्यांत चुना टाकून त्यास पुरलें. हें योग्यच झालें. पूर्वीप्रमाणें माळावर ओढून टाकणें अशा रोगांत घातक. म्हातारीनें खड्ड्यांत हळदकुंकू वाहिलें, कोणी हंसलें नाहीं.

शासनानें त्या वेळीं बैलास २५,००० रुपये, दुभत्या गाईस ३०,००० व वासरास १६,००० रुपये साह्य ठरविलें होतें. पंचनाम्यास आम्ही पंच म्हणून बसलों. असले कागद लिहिण्यांत आमची उमर गेली. वय, रंग, शिंगें, किंमत सर्व त्यांत येतें, बैलाचें नांव विचारण्याची चाल नाहीं. धाकट्या मुलानें तें आपण होऊन सांगितलें, तेव्हां दुसऱ्या पंचानें मान फिरविली.

मागें राहिलेल्या बैलाचे हाल निराळेच. तो रिकाम्या खुंट्याकडे पाहून हंबरे. वैरण गव्हाणींत तशीच राही. बैल कळपाचा प्राणी, सोबती गेलेला त्यास कळतो. त्यास रोग नाहीं अशी खात्री पटल्यावर घरच्यांनीं त्यास निरोगी गाईशेजारीं बांधिलें, तेव्हां कोठें तो चाऱ्याला लागला.

नव्या बैलावरून घरांत दोन तट पडले. रब्बीची पेरणी तोंडावर, म्हणून कर्त्याला घाई. मुलें म्हणत, त्याच्या खुंट्याला दुसरा बांधूं नका. आम्हांस विचारलें तेव्हां आम्हीं सांगितलें कीं, रब्बीपुरती शेजाऱ्याशीं सावड करा. बाजार बंद असतां चोरून आणलेला बैल रोगही घेऊन यावयाचा. शिवाय उरलेला बैल जुवाच्या उजव्या बाजूस चालणारा. त्याला डाव्या बाजूचाच जोडीदार हवा, आणि तसा पारखण्यास मन थाऱ्यावर लागतें.

गोऱ्हा पुढील उन्हाळ्यांत आला. मुलांच्या म्हणण्याखातर त्याचा खुंटा निराळा ठोकला. दि. १४ सप्टेंबर २०२३ च्या पोळ्यास त्याला नवी घुंगरमाळ केली; जुनी म्हातारीनें तुळईला टांगून ठेविली. त्या हंगामांत त्यास डवऱ्यालाच जुंपिलें, नांगराला लाविलें नाहीं.